आखाडीत विकलेला कोंबडा

आमच्या अंगणातला म्हातारा कोंबडा मी आखाडीत विकला, आणि त्या विक्रीचा मला चार दिवस अभिमान होता. पुढचं सगळं त्या अभिमानातूनच निघालं, म्हणून सुरुवात तिथून करतो.

मेहकरहून दुसरबीडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. भाजीपाल्याचा व्यापार मी सायकलवर सुरू केला. मागे दोन टोपल्या, हँडलला एक पिशवी, आणि पाय दुखले तरी थांबायचं नाही. आज मेहकरच्या बाजारात माझा स्वतःचा गाळा आहे. तो मला कोणी दिला नाही. मला भाव कळतो. समोरच्याची गरज त्याच्या तोंडावर नाही, हातांवर दिसते, आणि ती दिसली की मी गप्प बसतो. राग मात्र मला आवरत नाही. एका गिऱ्हाइकाने वांग्यांना नखं लावून पाहिली म्हणून मी अख्खी टोपली रस्त्यावर उलटी केली होती. नंतर ती वांगी मीच वेचली.

कोंबड्या बायकोच्या. मी त्यांना कधी माझं म्हटलं नाही. लग्नानंतर काही वर्षांनी ती माहेराहून, सोनाळ्याहून, एक पांढरी कोंबडी घेऊन आली होती. तीन एसट्या बदलून, कापडी पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर काढून. तिच्या आईनं दिलेली. आई गेली, ती कोंबडीही गेली, पण अंगणात एक ना एक पांढरी नेहमी राहिली. मागच्या वर्षी मुंगसाने दोन नेल्या आणि एकच पांढरी तलंग उरली. नुकतीच अंड्यावर आलेली, अंगाने बारीक, पण पिसं अशी की धुऊन वाळत घातल्यासारखी. बायकोचं सगळं लक्ष तिच्यावर. तिची अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत, उबवायला ठेवायची, हे तिने मला दोनदा बजावून सांगितलं होतं.

कळपात कोंबडे दोन होते. एक म्हातारा, तांबडा, तुरा एका बाजूला कललेला. दुसरा त्याचाच पोरगा, वर्षाचाही नाही, काळा, मानेवर तांब्याचा रंग. दिसायला इतका देखणा की रस्त्यावरचे लोक थांबून बघत.

आखाडीत कोंबड्याला मागणी असते. श्रावण लागला की आमच्याकडे महिनाभर घरात मांस शिजत नाही, म्हणून आधीचे पंधरा दिवस लोक भाव विचारत नाहीत, कोंबडा विचारतात. एका सकाळी भाव पाडून कोंबडा मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाला मी ओरडून परत पाठवलं. थोड्या वेळाने मोटरसायकलवर एक अनोळखी माणूस आला. म्हातारा कोंबडा विकता का म्हणाला. मी बराच वेळ काही बोललोच नाही. तो आपणच भाव वाढवत गेला. शेवटी मी असा आकडा सांगितला की मलाच लाज वाटावी. तो हो म्हणाला.

बायको खुराड्याजवळ उभी होती. ती म्हणाली, "त्याले काऊन इकता? तो हाय म्हनून हा काळा धाकात हाय."

"दोन कोंबडे कायले पाह्यजे? म्हातारा गेला, तरना हाय ना."

"तुमाले भाव दिसते फक्त."

"भावावरच घर चालते."

ती आत गेली. मी म्हाताऱ्याचे पाय बांधून दिले. एक गोष्ट तेव्हाही मला खटकली होती. खायला कोंबडा घेणारा माणूस आधी त्याच्या छातीला हात लावून मांस बघतो. याने हात लावला नाही. नुसता तुऱ्याकडे बघून 'हाच ना?' म्हणाला. बाजारात आयुष्य घालवलेल्या माणसाने तिथेच थांबायला पाहिजे होतं. पण मी पैसे खिशात घालत होतो.

म्हातारा गेल्यावर काय गेलं, ते मला आठवडाभरात कळलं. तो रोज काय करत होता हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. उकिरडा उकरताना त्याला एखादा किडा सापडला की तो स्वतः खात नसे. घशातून टुक टुक करून कोंबड्यांना बोलवायचा, किडा उचलून खाली टाकायचा, पुन्हा उचलून टाकायचा. कोणी आली की एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती फिरायचा. ती निघून गेली तर जाऊ द्यायचा. काळा मध्ये घुसला तर त्याच्याकडे नुसती मान ताठ करून बघायचा. काळा बाजूला व्हायचा.

आता त्याला बाजूला करणारं कोणी नव्हतं. तो मागून धावत येऊन कोंबडीच्या मानेची पिसं चोचीत धरायचा आणि ती पळाली तरी सोडायचा नाही. फरफटत न्यायचा. दाणे टाकले की आधी स्वतः खायचा आणि कोणी जवळ आली की टोचायचा. चार दिवसांत तीन कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या. कातडी लाल दिसू लागली. कोंबड्या सकाळी खुराड्यातून बाहेर यायला तयार होईनात. दार उघडलं तरी आत कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसायच्या.

मी काठी घेतली. माझ्याकडे रागावर तेवढाच उपाय असतो. दोन फटके बसल्यावर तो पळाला आणि मला वाटलं, झालं. दुसऱ्या दिवशी मी अंगणात पाय ठेवताच तो पंख फुलवून माझ्यावर आला. पिंढरीत त्याच्या पायामागचा काटा घुसला, धोतर रक्ताने भिजलं. मी लाथ घातली. तो पुन्हा आला. शेजारची म्हातारी कुंपणावरून बघत होती.

"काहो, बाजारात सगळ्याइले जिकता, आन घरी कोंबड्यासंगं कुस्ती?"

"तुमी आपलं पाहा, काकू."

"मी पाहूनच राह्यली. तो तुमाले दुसरा कोंबडा समजते. माराल तेवढा येईन."

बायकोने तिच्या पद्धतीने सुरू केलं. संध्याकाळी तो झोपेला आल्यावर धरून त्याच्या नख्यांची टोकं कापली, काट्यावर चिंधी गुंडाळली. जुन्या परकराचं कापड कापून कोंबड्यांच्या पाठीला चौकोनी तुकडे बांधले, पंखांखालून नाड्या घेतल्या, म्हणजे त्याचे पाय कातडीला लागू नयेत. तांबड्या, निळ्या फुलांच्या कापडात त्या कोंबड्या अंगणात फिरू लागल्या तेव्हा शेजारची म्हातारी पुन्हा कुंपणावर आली.

"वं बाई, पोळ्याले अजून टाइम हाय. आताच झुली घातल्या का?"

बायको हसली. त्या दिवसांत ती हसलेली मला तेवढीच आठवते.

दिवसा ती काळ्याला डालग्याखाली झाकून ठेवायची आणि डालग्यावर दगड. तो आत इतका धडका द्यायचा की तुरा रक्ताने माखायचा. पाणी सांडायचा, दाण्याला तोंड लावायचा नाही. सोडला की दिवसभराचा राग कोंबड्यांवर काढायचा. मग ती त्याला काखेत घेऊन बसू लागली. एका हाताने भाजी निवडायची, दुसऱ्या काखेत कोंबडा. तेवढा वेळ तो शांत असे. खाली ठेवला की पुन्हा तेच.

कापून मोकळं व्हावं तर श्रावण लागलेला. विकावा तर श्रावणात घेणार कोण. आणि तो गेला तर कळपाला कोंबडाच उरत नव्हता. हे सगळं मी आखाडीत मोजलं नव्हतं. सगळ्यात चढा भाव मिळाला त्याच आठवड्यात मी चूक केली होती, पण हे मी कोणाजवळ बोललो नाही.

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस उजाडताना बायको अंगण झाडत होती. झाडू थांबला. नाल्यापलीकडून कोंबड्याची बांग आली. चांगली लांब, आणि शेवटी फाटलेली. तेल न घातलेली कप्पी अडखळावी तशी.

"ऐकलं?" ती म्हणाली.

मी ऐकलं होतं. ती बांग आमच्या म्हाताऱ्याची होती. नाल्यापलीकडे एकच घर आहे. माझ्या मोठ्या भावाचं.

त्या घराबद्दल सांगायला पाहिजे. वडील गेले त्या वर्षी मी मिरचीची गाडी घेऊन जालन्याला गेलो होतो. दोन दिवस तिकडे अडकलो. परत आलो तेव्हा भावाच्या अंगणात गावातली चार मोठी माणसं बसून गेली होती आणि वाटणी झाली होती. विहिरीकडचं काळं रान त्याला, उताराचा मुरूम मला. 'तू बाजारातला मानूस, तुले रान कायले लागते,' असं तो म्हणाला. मी नसताना हे ठरलं. मला विचारलं असतं तर कदाचित मी तेच घेतलं असतं. पण मला विचारलं नाही. त्या दिवसापासून मी त्याच्या अंगणात पाय ठेवलेला नाही. सोळा वर्षं झाली. बायकांचं विरजण, लोणचं नाल्यावरून चालू असतं, ते मी बघून न बघितल्यासारखं करतो.

"तुले माहीत होतं?" मी बायकोला विचारलं.

"परवा वहिनीनं सांगितलं. नव्या जागी इतके दिवस बांगच देत नव्हता म्हने. तो मोटरसायकलवाला त्याइच्या विहिरीवरच्या मोटरीचा मिस्त्री व्हता. त्याइनंच पाठवला."

मला आधी हसू आलं. सोळा वर्षांत भावाकडून मी काही वसूल केलं असेल तर ते त्या कोंबड्यात. मग हसू गेलं.

"जा, आन म्हाताऱ्याले घेऊन या," ती म्हणाली. "पैसे परत द्या. नाहीतर ह्या काळ्याले थोडे दिवस तिथं ठेवा म्हना. वहिनी म्हने, तरन्या कोंबड्याले मोठ्या कोंबड्याखाली ठेवलं का तो वळनावर येते."

"मी नाई जात त्याच्या दारी."

"मंग मी जाते."

"तूही नाई जायची."

ती पुन्हा झाडू लागली. माझ्या आवाजापुढे घरात कोणी फार बोलत नाही, आणि ही गोष्ट मला त्या वेळेपर्यंत चांगली वाटत होती. पांढरीची पाच अंडी साठली होती. ती तिने खुडूक बसलेल्या तांबड्या कोंबडीखाली ठेवली, चुलीमागच्या खोपटात, दाराला फळी लावून.

आठ दिवस गेले. रोज उजाडताना पलीकडून ती फाटलेली बांग यायची, रोज काळा आमच्या भिंतीवर चढून तिला उत्तर द्यायचा, आणि रोज मी बाजाराला निघून जायचो. नाल्याची वाट चालायला दहा मिनिटं लागतात. हे आठ दिवस मी नंतर पुष्कळ वेळा मोजले आहेत.

आठव्या दिवशी बाजारातून आलो तर बायको ओसरीवर बसलेली. मांडीवर पांढरी. तिचं कापड सुटून एका नाडीला लोंबत होतं. काळ्याने कुंपणाच्या कोपऱ्यात गाठून तिची बाजू पंखाखालून मांडीपर्यंत फाडली होती. नख्या कापल्या होत्या, पण त्या पुन्हा वाढल्या होत्या. आतलं मांस दिसत होतं. बायकोने सुई उकळून घेतली होती. मी कोंबडीचे पाय धरले आणि तिने सात टाके घातले, वर हळद दाबली. पांढरीने आवाज केला नाही. डोळ्याची पापणी खालून वर सरकायची आणि पुन्हा उतरायची.

दोन दिवस ती घरात टोपलीत होती. पाणी थेंब थेंब चोचीला लावलं की गिळायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मान टाकलेली होती.

बायकोने तिला लिंबाच्या झाडाखाली पुरलं. मी खड्डा खणून देतो म्हटलं. ती म्हणाली, "खनला मी."

मग मला राग आला. खरं तर तो कोणावर होता ते आजही नीट सांगता येणार नाही. मी विळी उचलली आणि काळ्याच्या मागे धावलो. कोंबड्या चहूकडे उडाल्या. मी त्याला पायाला धरून उलटा केला. बायको माती लागलेल्या हातांनी तशीच समोर येऊन उभी राहिली.

"ठेवा ती विळी."

"ह्यानं मारलं तिले."

"त्याले काय कळते? त्याले कोनी शिकवलं नाई." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमाले कळत व्हतं."

तिचा आवाज चढला नव्हता. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. भांडणात मी कधी कमी पडलेलो नाही. मी विळी ठेवली. तेवढ्यात खोपटातून तांबडी ओरडत बाहेर आली. धावपळीत फळी पडली होती. बायको पळत गेली, अंड्यांवर हात ठेवून बसली. पाच अंडी. पांढरीचं आता जगात तेवढंच होतं, आणि हा कोंबडा अंगणात असेपर्यंत तांबडी त्यांच्यावर निवांत बसणार नव्हती. हे सांगायला मला कोणाची गरज नव्हती.

मी काळ्याला पोत्यात घातला, तोंड सैल बांधलं आणि नाला उतरलो.

वाटेत मी बोलणं जुळवत होतो. सवयच तशी. आधी तो विषय काढेपर्यंत गप्प राहायचं. मग म्हाताऱ्याचे पैसे परत द्यायचे, वर कांद्याचं एक पोतं. फार ताणलं तर दोन. विहिरीचा विषय काढला तर मात्र सोडायचं नाही.

भाऊ अंगणात बाजेवर बसला होता. सोळा वर्षांत मी त्याला बाजारात, लग्नांत, मरणांत लांबून बघितलं होतं. जवळून बघितलं नव्हतं. गुडघे सुजलेले. पायापाशी काठी. म्हातारा कोंबडा बाजेखाली सावलीत बसला होता.

"ये," भाऊ म्हणाला. जसं मी कालच येऊन गेलो होतो. "बस."

"उभाच बरा हाय."

"पोत्यात काय हाय?"

मी ठरवलेलं सगळं विसरलो. "कोंबडा," मी म्हणालो. "दादा, ह्यानं पांढरी मारली. तिची अंडी बसवली हाएत घरी. ह्याले ठेवून घे."

आधी आपण बोलायचं नाही, हा माझा नियम. तो मी पहिल्याच वाक्यात मोडला. आणि गरजही सांगून टाकली.

भावाने वहिनीला हाक मारली. वहिनी बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, पोतं घेतलं आणि सोडलं. काळा अंग झटकून उभा राहिला आणि त्या अंगणातल्या पहिल्या कोंबडीवर धावला. म्हातारा बाजेखालून कधी निघाला ते दिसलंही नाही. दोन उड्या झाल्या, थोडी पिसं उडाली. तिसऱ्या उडीला काळा मागे सरला आणि कडब्याच्या गंजीआड जाऊन उभा राहिला. म्हाताऱ्याने पाठलाग केला नाही. परत येऊन अंग झाडलं आणि टुक टुक करू लागला.

"राहू दे पोळ्यापर्यंत," भाऊ म्हणाला. "मंग पाहू."

"म्हातारा तू काऊन घेतला?" मी विचारलं. "तुह्याकडं कोंबडे कमी व्हते?"

त्याने गुडघ्यावरून हात फिरवला. "मले गुडघ्यानं झोप नाई लागत. तुह्या अंगनातून ह्याची बांग आली का मी समजतो, रात सरली. दोन-तीन वर्सं झाली. त्या सकाळी तू वरडून भाव सांगून राह्यला व्हता आदल्या गिऱ्हाइकाले, ते इथं ऐकू आलं. वाटलं, गेला हा आखाडीत. मंग मिस्त्रीले धाडला."

"सोता काऊन नाई आला?"

"तू मले किती सांगितले असते?"

मी खरं तेच बोललो. "दुप्पट."

"म्हनूनच."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. भाऊही हसत होता. मला हसता आलं नाही. मी खिशातून पैसे काढले आणि त्याच्यासमोर बाजेवर ठेवले. त्याने ते उचलून माझ्या हातात परत दिले.

"कोंबडा मी घेतला. पैसे कायचे वापस? तो इथंच राहीन."

"आन ह्याच्या दान्याचं?"

"तू जाय घरी. अंडी पाहा."

त्याने काही घेतलं नाही. काही न देता परत येण्याची मला सवय नाही. नाला चढताना हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते सुचत नव्हतं. विहिरीचा विषय निघाला नव्हता. मी काढला नाही, त्याने काढला नाही.

अंगणात कोंबड्यांनी दोन-तीन दिवसांनी बाहेर यायला सुरुवात केली. बायकोने त्यांची कापडं सोडली. उघड्या पाठींवर पिसांची बारीक कुसं फुटू लागली. तांबडी दिवसातून एकदा उठायची, दाणे खायची, धुळीत लोळायची आणि परत जाऊन बसायची. बायको माझ्याशी बोलत होती. जेवायला वाढलं, पाणी तापलं, एवढंच. पांढरीचं नाव तिने काढलं नाही.

मी दर दोन दिवसांनी नाल्यापलीकडे जाऊ लागलो. काळ्याला बघायला जातो असं म्हणायचो, आणि ते खरंही होतं. पहिले काही दिवस तो गंजीआडच असायचा. मग म्हाताऱ्यापासून चार हातांवर फिरू लागला. पोळ्याच्या आधी एक दिवस मी बाजेवर बसलो होतो. काळ्याला शेणाच्या ढिगात काहीतरी सापडलं. त्याने चोचीत धरलं, आणि गिळलं नाही. खाली टाकलं. घशातून काहीतरी आवाज काढला, बेसूर, शिकाऊ. एकही कोंबडी आली नाही. त्याने पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं. शेवटी स्वतःच खाल्लं.

"येईन त्याले," भाऊ म्हणाला.

पाच अंड्यांपैकी तीन खराब निघाली. त्या धावपळीच्या सकाळी गार पडली असतील, किंवा आधीच. दोन फुटली. एक पिल्लू तपकिरी, दुसरं पिवळसर, वाळल्यावर पांढरं झालं. त्याचा बाप म्हातारा की काळा, ते कळायला मार्ग नाही. बायकोने ते ओंजळीत घेऊन बराच वेळ बघितलं आणि पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं. कोंबड्या तिच्या आहेत, माझ्या हातात ती पिल्लू देत नाही.

"मोठ्या घरी सांगून या," ती म्हणाली.

मी गेलो. भावाला सांगितलं. तो म्हणाला, "पांढरं निंघालं म्हन्तो? तलंग हाय का कोंबडा?"

"आतापासून कसं कळन?"

पोळा झाला तरी काळा तिकडेच आहे. वाटणीचं मी अजून बोललेलो नाही. मी नसताना ठरवलं, ही चूक त्याचीच होती असं मी आजही म्हणतो. पण त्या बाजेवर बसलो की विषय वर येतो आणि तेवढ्यात काळ्याचा तो आवाज सुरू होतो, मग आम्ही दोघंही तिकडेच बघतो. पिल्लू आता दीड महिन्याचं आहे. तुऱ्याच्या जागी थोडं गुलाबी दिसतं. बायको म्हणते तलंग आहे. शेजारची म्हातारी म्हणते कोंबडा. मी रोज सकाळी बाजाराला निघण्याआधी खाली बसून बघतो, आणि मला अजून सांगता येत नाही.